फेक, सोड, पळ

सासऱ्यांना रोज सकाळी सात वाजता जमिनीवर आपटणारी सून सहसा कौतुकाला पात्र ठरत नाही. या घरात मात्र ठरली होती. चहाच्या आधी पंधरा वेळा ती त्यांना खांद्यावरून फेकायची. ते उठायचे, जाकीट झटकायचे, "कंबर उशिरा खाली आली" असं काहीतरी म्हणायचे आणि पुन्हा समोर उभे राहायचे. पंधरावी फेक झाली की खालून सासूबाईंचा आवाज यायचा, "आपटून झालं असेल तर या. चहा निवतोय."

घर तीन मजली आणि अरुंद. तळमजल्यावर सासऱ्यांचं कवळ्या बनवायचं दुकान, मधे बिऱ्हाड, वर ज्युदोचा हॉल. खाली दात बसवून मिळत आणि वर पडायला शिकवत, त्यामुळे दोन्ही धंदे एकमेकांना धरून आहेत असं लोक म्हणत. मास्तरांना, म्हणजे सासऱ्यांना, हा विनोद आवडत नसे. तीस वर्षांत त्यांच्या हॉलमध्ये एकाचाही दात पडला नव्हता, आणि त्याचं कारण ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "फेकायचं, पण बाही सोडायची नाही. बाही हातात असली की समोरच्याचं डोकं जमिनीला लागत नाही. आपण माणसाला पाडतो. टाकून देत नाही."

सरावात ते "सूनबाई, कंबर!" असं ओरडत. ते ऐकून ऐकून आधी शिष्य, मग इतर संघ आणि शेवटी पंचही तिला सूनबाईच म्हणायला लागले. एका वर्षी स्पर्धेच्या तक्त्यावर तसंच छापून आलं, आणि तिच्या आईने फोन करून विचारलं की हे नाव तू कागदोपत्री बदललंस का.

निवड स्पर्धेत सूनबाई चार वर्षं दुसरी आली होती. देशाच्या संघात एका वजनगटातून एकच बाई घेत, त्यामुळे दुसरं येणं म्हणजे टाळ्या ऐकून घरी जाणं. संघात तीस वर्षांपुढचं कोणी चालत नसे. यंदाची स्पर्धा पुढच्या महिन्याच्या शेवटी होती, आणि तिला तीस पूर्ण व्हायला त्यानंतर नऊ दिवस उरत होते. हे गणित घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या खोल्यांत ऐकू येत होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "अडकलीस तर बटणं दाबत बसू नको, शांत उभी राहा," हा त्याचा एकमेव सल्ला, आणि आयुष्यातल्या सगळ्या प्रसंगांना तो हाच लावायचा.

शांत उभं राहणं तेवढं सूनबाईला जमत नव्हतं.

ती कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायची. दिवसाला सहाशे शर्टांच्या बाह्या ओढून बघायच्या. टिकली ती पास. खरा घोळ तिथूनच सुरू झाला. कारखान्याच्या मागच्या फाटकापासून बस स्टॉपपर्यंत एक गल्ली होती आणि त्या गल्लीत एक माणूस होता. तो कामावरून सुटलेल्या बायकांचे दंड धरायचा, पर्स ओढायचा, आणि "चुकून झालं" म्हणायचा. तक्रार केल्यावर मॅनेजरसाहेबांनी फाटकावर नोटीस लावली : सावध राहा. नोटीस त्या माणसानेही वाचली असावी, कारण तो जास्तच सावध झाला.

मग बायकांनी सूनबाईला धरलं. "ताई, तुम्ही सासऱ्यांना रोज फेकता म्हणे. आम्हालाही शिकवा की. आमचे सासरे नाही तर नाही, हा तर हा."

मंगळवारी आणि शुक्रवारी, पाळी सुटल्यावर, कटिंगच्या खोलीत अकरा जणी जमायला लागल्या. खाली चिंध्यांची पोती अंथरली. सूनबाईने मास्तरांची फेक जशीच्या तशी दाखवली. एका हाताने बाही धरायची, दुसऱ्याने कॉलर, पाठ वळवायची, आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घालायची, आणि बुटाची नाडी बांधायला वाकावं तसं वाकायचं. माणूस पाठीवरून पुढे येतो. तिने बटणाच्या मशीनवालीला हल्लेखोर केलं, बाही ओढली आणि वाकली. बटणवाली जागच्या जागी उभी राहिली. सूनबाईच्या हातात नुसती बाही आली.

सूनबाईने शिवण उलटून बघितली. "हा लॉट मी पास केला होता?"

"ताई, तो गल्लीतला तुमचं ते जाड जाकीट घालून येईल का?" काजवालीने विचारलं. "त्याला आधी सांगावं लागेल."

तेव्हापासून फेक उसवायला आणि नव्याने शिवायला सुरुवात झाली. बाही भरवशाची नाही, म्हणून मनगट धरायचं आणि त्याचा दंड आपल्या काखेत दाबायचा. गुडघे फार वाकवायचे नाहीत, कारण अकरा जणींत मिळून धड गुडघे चौदाच होते. तो समोरून येईल ही आशा सोडायची. तो मागून येणार. खांद्यावरची पर्स आधी टाकायची, की ती टाकतानाच वळायचं? यावर दोन दिवस गेले. शेवटी असं ठरलं की पर्स टाकण्याचा जो झोक असतो त्याच झोकात वळायचं, म्हणजे पर्सचा काहीतरी उपयोग होईल.

सगळ्यात मोठा वाद इस्त्रीवाल्या मावशींनी काढला. मावशी छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि वाफेच्या इस्त्रीमुळे त्यांचे दंड सूनबाईपेक्षा जाड होते.

"तो पडल्यावर त्याचं मनगट धरून का ठेवायचं?"

"डोकं आपटू नये म्हणून."

"कुणाचं?"

"त्याचं."

अकरा जणींनी एकमेकींकडे बघितलं.

"का?" मावशी म्हणाल्या. "जावई आहे का तो माझा?"

सूनबाईने बराच विचार केला. मास्तरांकडे याचं उत्तर नक्की असतं, पण मास्तर त्या गल्लीने जात नव्हते. त्या शुक्रवारी फेकेची नवी आवृत्ती पक्की झाली : फेक, सोड, पळ. पळायचं ते उजेडाकडे, माणसांकडे, आणि पळताना ओरडायचं "आग!" "वाचवा" ओरडलं की लोक खिडक्या लावून घेतात, "आग" ओरडलं की उघडतात. हे काजवालीचं संशोधन होतं. तिने ते आपल्या चाळीत स्वतः करून बघितलं होतं, आणि शेजारी अजून तिच्याशी बोलत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात त्या माणसाने गल्लीत मावशींचा दंड धरला. मावशींनी त्याला आडवा केला, सोडला, आणि "आग! आग!" करत अशा पळाल्या की बस त्यांच्यानंतर स्टॉपवर आली. तो माणूस पुन्हा दिसला नाही. नोटीस अजून आहे.

हा सगळा आनंद सूनबाईला चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता तिने सासऱ्यांना फेकलं आणि तिचा हात उघडला.

मास्तर जमिनीवर आदळले. सत्याहत्तर किलोंचा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला आणि मांडणीवरच्या तीन कवळ्या हलल्या. ते उठून बसले. जाकीट झटकलं नाही.

"सोडलंस," ते म्हणाले.

"चुकून, बाबा."

"चुकून नाही. चांगलं शिकलेलं आहे ते. शिकवणारा हुशार असला पाहिजे."

"मीच शिकवते."

"तेच म्हणतोय."

मोजून बघितलं. दहा फेकींत तीन वेळा हात सुटत होता. दुसऱ्या दिवशी चार वेळा. स्पर्धेत हात सुटला तर समोरची हवेतच वळणार, पालथी पडणार, आणि गुण गेला. आणि नाही वळली तर तिचं डोकं. सूनबाईची झोप, जेवण आणि बसण्याची पद्धत, सगळंच बिघडलं. ती फ्रिजचं दार धरून वळायची, सोडायची, पुन्हा धरायची. फ्रिजमधल्या अंड्यांना कळेना काय चाललंय. बसमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "बाई, तुमची पर्स उघडी आहे" म्हणून तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. पुढच्या क्षणी त्यांचा दंड तिच्या काखेत होता. ती माफी मागून दोन स्टॉप आधीच उतरली. गृहस्थही उतरले, विरुद्ध बाजूला.

"वर्ग बंद करू का, बाबा? महिनाभर?"

"मावशींना विचार."

तिने विचारलं नाही. मास्तरांनाही ठाऊक होतं की ती विचारणार नाही. ते दोन दिवस कवळ्यांच्या मेणात बोटं घालून विचार करत बसले आणि तिसऱ्या दिवशी उपाय घेऊन वर आले.

"पाय," ते म्हणाले. "हात विसरतो, पाय विसरत नाही. कारखान्यात बूट घालूनच शिकवायचं, काहीही झालं तरी. इथे अनवाणी. पायात बूट असला की सोड. पाय उघडा असला की धर. डोक्याला मधे घ्यायचंच नाही."

हे इतकं वेडगळ होतं की लागू पडलं. आठवडाभरात दहांपैकी एक, मग शून्य. सूनबाई बूट घालून उंबरठ्यावर यायची, बूट काढायची आणि तिचा उजवा हात आपोआप मिटायचा. नवऱ्याने खात्री करून घ्यायला तिच्या हातात पेन ठेवलं आणि तिला चप्पल घालायला लावली. पेन पडलं. तो म्हणाला, "वायरिंग बरोबर आहे."

स्पर्धेच्या दिवशी तीनशे माणसं होती. वरच्या बाकांवर अकरा जणी डबे घेऊन बसल्या होत्या. उपांत्य फेरी सूनबाईने आरामात जिंकली, पण शेवटच्या झटापटीत तिच्या उजव्या पायाचा अंगठा चटईच्या सांध्यात अडकून मुरगळला. डॉक्टर कर्तव्यदक्ष होते. त्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली, आणि हातात पट्टी शिल्लक आहे म्हणून घोट्यापर्यंत गेले. पांढरी, जाड, घट्ट.

"दुखतंय?"

"नाही. थोडी पातळ नाही का करता येणार?"

"दुखत नाहीये ना? मग ती बरोबर आहे."

अंतिम फेरीत समोर पोस्टातली होती. ती पार्सलं लावायची, आणि सगळे तिला पार्सलच म्हणत. मागची दोन वर्षं सूनबाई तिच्याकडूनच हरली होती. तिची पकड अशी, की तिने धरलेली वस्तू पत्त्यावर पोचणारच. चार मिनिटांची लढत. तीन मिनिटं दोघी एकमेकींना नुसत्या ओढत राहिल्या. सूनबाईच्या उजव्या तळपायाला चटई लागत नव्हती. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. घरातून निघताना गॅस बंद केला का, तशातला प्रकार.

घड्याळात बावीस सेकंद उरले असताना पार्सलचा तोल पुढे आला. सूनबाई वळली. कंबर खाली गेली, वेळेवर, तीस वर्षांत कोणाची गेली नसेल अशी. पार्सल पाठीवरून वर गेली आणि त्या क्षणी उजवा पाय टेकला. पायाने वर निरोप पाठवला : बूट.

हात उघडला. पार्सल पाठीवर सपाट पडली. आणि सूनबाई "आग! आग!" असं जीव तोडून ओरडत चटई ओलांडून, पंचांना वळसा घालून, सरळ दारातून बाहेर पळाली.

एवढंच झालं असतं तर एक बाई वेडी झाली म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण वरच्या बाकांवर अकरा जणी होत्या, आणि त्यांना चांगलं शिकवलेलं होतं. ताईंचा आवाज कानावर पडताच त्या उठल्या आणि "आग!" ओरडत उजेडाकडे पळाल्या. त्यांच्या मागे तीनशे माणसं. त्यांच्यामागे पदाधिकारी. पंच सर्वांत शेवटी निघाले, पण सर्वांत आधी पोचले.

अग्निशमन दलाची गाडी सहा मिनिटांत आली. फौजदारासारख्या मिशा असलेले जवान उतरले.

"आग कुठे आहे?"

तीनशे माणसांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. गाड्यांच्या मधे, अनवाणी, एका पायाला पट्टी असलेल्या बाईने हात वर केला.

"मी ओरडले. सवयीने."

"आगीची सवय?"

"सोडायची," सूनबाई म्हणाली, आणि मग तिला कळलं की काय झालं आहे. तिने गर्दीत सासऱ्यांना शोधलं. ते नव्हते. पार्सलही नव्हती.

दोघं आतच होते. पार्सल चटईवर पडल्या जागी पडून होती, कारण पंचांनी "थांबा" म्हटलेलं नव्हतं आणि ती नियमाची बाई होती. मास्तर तिच्या डोक्याशी उकिडवे बसून तिचं तोंड उघडून बघत होते.

"सगळे आहेत," ते म्हणाले. "डोकं?"

"मी हनुवटी आत घेतली, काका. तुम्ही बाहेर नाही गेलात? आग आहे ना?"

"आग नाही. माझी सून आहे."

समितीची बैठक चटईच्या कडेलाच झाली. पंच म्हणाले, फेक उत्तम होती, पण हात सुटला, म्हणजे ताबा नव्हता. पूर्ण गुण नाही, अर्धा. चटई सोडली म्हणून एक ताकीद. खोट्या आगीबद्दल चिटणीसांनी नियमपुस्तक दोनदा चाळलं. "चावण्याबद्दल आहे," ते म्हणाले. "केस ओढण्याबद्दल आहे. आगीबद्दल काही नाही." म्हणून तो विषय पुढच्या सभेवर गेला. घड्याळवाल्याने पळण्याआधी बटण दाबलं होतं, त्यामुळे घड्याळ वीस सेकंदांवर थांबलेलं होतं. लढत तिथूनच पुढे सुरू करायची.

"डॉक्टर, ही पट्टी काढता का?"

"दुखतंय?"

"नाही हो!"

"मग बरोबर आहे."

सूनबाईने मास्तरांकडे बघितलं. त्यांचा उपाय त्यांच्याच डोळ्यांसमोर पायात बांधलेला होता. "आता काय करू, बाबा?"

मास्तरांनी पहिल्यांदाच खांदे उडवले. "आता डोक्याला मधे घ्यावं लागेल," ते म्हणाले. "माझा इलाज नाही."

दोघींनी एकमेकींच्या बाह्या धरल्या. पार्सल हळूच म्हणाली, "मला आगीत टाकून गेलीस."

"आग नव्हती."

"तुला काय माहीत? पळताना तुला वाटत होती."

सूनबाई उत्तर शोधत होती तेवढ्यात पार्सलने तिला उचलून कुशीवर आदळलं. अर्धा गुण. दोघी बरोबरीत. सूनबाई पडली तेव्हा तिचं डोकं चटईपासून वीतभर वर होतं, कारण तिची बाही पार्सलच्या मुठीत होती. घट्ट. पार्सलने तिला नीट उभं केलं आणि मगच सोडलं.

नऊ सेकंद.

"पळा, ताई!" वरून मावशी ओरडल्या. मग अकराही जणी, एका सुरात : "सोडा! पळा! सोडा! पळा!" शिकवल्याचं सार्थक म्हणतात ते हेच. नवरा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता, आणि ते काय असेल हे सांगायची गरज नाही.

सहा सेकंद. सूनबाई वळली. कंबर गेली. पार्सल पाठीवर आली. उजवा पाय टेकला आणि त्याने पुन्हा प्रामाणिकपणे कळवलं : बूट. बोटं उघडायला लागली. करंगळी सुटली, तिच्या शेजारचं बोट सुटलं. सूनबाईला तिच्या मुठीतलं कापड एकाएकी अगदी जवळून दिसलं, दुहेरी शिवणीचं, चांगल्या कारागिराचं, आणि त्या कापडात एक हात होता आणि त्या हाताला एक बाई होती. उरलेल्या बोटांनी तिने ती बाही अशी पकडली की खांद्यापासून एक टाका तुटल्याचा आवाज आला. पार्सल वरून आली, पाठीवर पडली, सपाट. सूनबाई तिच्याबरोबर एका गुडघ्यावर आली आणि हात ओढून धरला. पार्सलचं डोकं चटईला शिवलं नाही.

पंचांचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण.

"अरेरे," वरून मावशी म्हणाल्या. "सोडलं नाही हो ताईंनी."

नियमाप्रमाणे निकाल जाहीर होईपर्यंत दोघींनी रेषेवर शेजारी शेजारी उभं राहायचं असतं. चटई सोडायची नाही. जिने आधी सोडली ती बाद, हे मात्र पुस्तकात स्पष्ट होतं. चिटणीस संघाचा कागद भरत होते. अकरा जणी डबे उघडत होत्या. मास्तर लांब कडेला, पाठ करून, रुमालाने चष्मा पुसत होते आणि तो बराच वेळ पुसला जात नव्हता. सूनबाईचा पट्टीतला पाय आपलं आपण वळायला लागला. मग दुसरा.

मागून कोणीतरी तिचा कंबरपट्टा धरला.

"कुठे निघालीस?" पार्सलने समोर बघतच विचारलं.

"कुठे नाही."

"पाय दाराकडे आहेत तुझे."

"ते त्यांचं त्यांचं चाललंय. सोड."

"आधी तुझं नाव घेऊ दे त्यांना," पार्सल म्हणाली आणि पट्ट्याचा एक वेढा मुठीभोवती घेतला. "मग सोडते."

चिटणीसांनी घसा साफ केला, कागद उलटा धरला, सुलटा केला, आणि पेनाचं टोपण शोधायला लागले.